मिरची विरुद्ध बस: एक तटस्थ तुलना

५ जानेवारी, रविवार. सकाळी ९

जुनी गाडी गेली. चौदा वर्षांची होती. आईने बॉनेटला हात लावून नमस्कार केला. बायकोने, मृण्मयीने, डिकीतून तीन छत्र्या, एक स्टीलचा डबा आणि आमच्या लेकीचा, ईशाचा, बालवाडीतला एक बूट काढला. ईशा आता अकरावीला आहे. मी अजिबात हळवा झालो नाही. माझं डोकं पुढच्या गाडीवर होतं.

संकल्प: नवी गाडी मनाने नाही, आकड्यांनी घ्यायची. एकोणीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये घालवलेला माणूस शोरूमच्या फुग्यांना भुलत नसतो.

उमेदवार दोन. एक छोटी हॉट हॅच. लाल, टर्बो इंजिन, शंभरचा वेग नऊ सेकंदांत. दुसरी मोठी, सात सीटची, पांढरी. किंमत दोघींची जवळजवळ सारखी. म्हणजे प्रश्न एकच: तेवढ्याच पैशात जास्त काय पदरात पडतं? कंपन्यांची नावं लिहीत नाही. वही कुणाच्या हाती लागली तर फुकट जाहिरात नक्को. सोयीसाठी पहिलीला मिरची म्हणतो आणि दुसरीला बस. मी पूर्णपणे तटस्थ आहे.

६ जानेवारी. ऑफिस, दुपारी

शीट तयार. बावीस निकष, प्रत्येकाला वजन, एकूण शंभर. घरातल्या सगळ्यांना शेअर केली. लोकशाही.

मागच्या सीटला वीस गुण दिले, आईचा विचार करून. तिचे गुडघे गेलेत. जुन्या गाडीत तिला आधी वाकवावं लागायचं, मग दुमडावं लागायचं, मग आत सरकवावं लागायचं. देगलूरला तारामावशीकडे जाऊन तिला चार वर्षं झाली. मावशी ऐंशीची, आता फारशी उठत नाही. पण आई म्हणते, तिला हल्ली प्रवास आवडतच नाही, फोनवर बोलणं होतं की रोज. वयानुसार माणसाच्या आवडी बदलतात. तशी नोंद केली.

आणखी एक. आमच्याकडे नवी गाडी पहिल्यांदा लांब जाते ती मळेगावच्या खंडोबाला. सगळं घर एकाच गाडीत बसून. देवाला माणसं मोजून दाखवायची असतात, असं आई म्हणते. आम्ही चारच. मिरचीत पाच बसतात. ब्रोशरमध्ये लिहिलं आहे.

११ जानेवारी, शनिवार

दिलसुखनगरच्या शोरूममध्ये गेलो. इम्तियाज नावाचा सेल्समन. हुशार माणूस. मिरचीपाशी मला उभं करून दोन पावलं मागे गेला, डोळे बारीक केले आणि म्हणाला की साब, आपकी पर्सनॅलिटी इसीच गाडी की है. तज्ज्ञाचं मत म्हणून नोंद केली.

निघताना तो शेजारच्या टेबलावर एका पंच्याहत्तरीच्या गृहस्थांना अगदी तेच सांगत होता. त्यांचीही असेल.

१५ जानेवारी, बुधवार. कनुमा, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस

मिरचीची टेस्ट ड्राइव्ह. काय सांगू! दिलसुखनगर ते एल.बी. नगर आणि परत, नऊ मिनिटं. नऊ! रस्त्यावर चिटपाखरू नाही. संक्रांतीला अर्धं हैदराबाद आपापल्या गावी आंध्रात गेलेलं, उरलेलं गच्चीवर पतंग उडवत होतं. गाडी हातात अशी वळते की आपण फक्त मनात आणायचं. एका वळणावर मी नकळत हसलो. मोठ्याने. इम्तियाजने वरचं हँडल धरलं होतं, तोही हसला. जरा वेगळा.

निकष क्र. ७, 'रोजच्या ट्रॅफिकमध्ये लागणारा वेळ': नऊ मिनिटं. नोंद पक्की.

१९ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ८

आज बसची टेस्ट ड्राइव्ह. तोच रस्ता, तोच ड्रायव्हर, टायरमध्ये तेवढीच हवा. शास्त्रीय पद्धत म्हणजे हीच. यावेळी घरचेही आले.

लागलेला वेळ: एक तास पन्नास मिनिटं. संक्रांतीला गावी गेलेलं अख्खं शहर आजच विजयवाडा रोडने परत आलं, हा आता गाडीचा दोष नाही तर कुणाचा? मिरची असती तर फटीतून निघाली असती.

आईबद्दल नोंद. मी हात द्यायला दार उघडून गेलो तर ती आधीच पायरीवर पाय ठेवून वर चढली होती आणि आत बसून पदर सारखा करत होती. मग दोन तास तिची टकळी चालू. ही इमारत कधी झाली, तो मेट्रोचा खांब किती उंच, इम्तियाजची आई कुठली. इम्तियाजची आई निघाली बिदरची, देगलूरच्या बाजूची, मग तर विचारूच नका. सिग्नलवर खिडकी खाली करून आईने पेरू घेतले, मीठमिरची लावून सगळ्यांना दिले. इम्तियाजलाही. निष्कर्ष: बसमध्ये ड्रायव्हरचं लक्ष विचलित होतं. उणे चार.

मृण्मयी म्हणाली की असंच पुढे देगलूरला जाऊ या. मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही.

परत आल्यावर आई उतरायला तयार नव्हती. एसीमुळे पाय आखडले असणार.

२० जानेवारी

ईशाने विचारलं, बाबा, एक टेस्ट कनुमाला आणि दुसरी रिटर्न ट्रॅफिकमध्ये, हे फेअर कसं? मी तिला सांगितलं, परीक्षेत पेपर सोपा आला की अवघड, हे विद्यार्थ्याच्या हातात नसतं. ती म्हणाली, पण दोघांना एकच पेपर असतो ना. अकरावीत असल्यामुळे वाद घालते.

२६ जानेवारी, रविवार

घरात मतदान घेतलं. मिरची एक, बस दोन. आई म्हणाली, तुम्हाला पटेल ते घ्या, मला काय कळतंय. ते मत मी मिरचीत धरलं. दोन-दोन. बरोबरी झाली की अध्यक्षाचं मत निर्णायक. प्रजासत्ताक दिनी प्रजासत्ताकाचे नियम पाळलेच पाहिजेत.

मृण्मयी पुण्याची आहे. फक्त चहाचा कप ठेवला. ठेवण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

२ फेब्रुवारी, रविवार

घोळ. शीटमध्ये कोणी, कधी, काय बदललं हे सगळं दिसतं, हे मला माहीत आहे. एकोणीस वर्षं हेच करतोय. इतरांच्या शीट उघडून त्यांना याच गोष्टीवर पकडतोय. स्वतःच्या शीटला हे लागू होतं, हे लक्षातच आलं नाही.

ईशाने जेवताना वाचून दाखवलं. सोमवार, सकाळी अकरा वीस: मागची सीट, वीसवरून आठ. मंगळवार, अकरा बत्तीस: आठवरून दोन. गुरुवार: 'मजा' हा निकष पाचवरून तीस, आणि त्याचं नाव बदलून 'ड्रायव्हरची मानसिक सुरक्षितता'. मृण्मयीने एवढंच विचारलं की रोज अकरा ते बारा तुझी क्लायंट मीटिंग असते ना.

मी शांतपणे समजावलं की निकष जिवंत असतात, ते परिस्थितीनुसार बदलतात. आई हसत हसत म्हणाली, काहून त्याच्या मागं लागलात, लेकराला आवडलीय तर घेऊ द्या की. मी आईला स्पष्ट सांगितलं, आवडण्याचा संबंधच नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

टीका नको म्हणून आईला मिरचीत बसवून पाहिलं. शोरूममध्येच, उभ्या गाडीत. बसली. थोडा वेळ लागला, पण बसली. मी विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, छान आहे बाबा, रंग छान आहे. पाय? म्हणाली, पायांचं काय, मला कुठं जायचंय.

हाच तो मुद्दा! जे माणूस जाणारच नाही त्याच्यासाठी सात सीट कशाला? मागच्या सीटचे दोन गुणसुद्धा जास्तच होते.

तिला उतरवायला इम्तियाज आणि मी. नंतर अजून एक सेल्समन आला. लाइट लो, म्हणजे मनावर घ्यायचं नाही, पहिलीच वेळ आहे.

९ फेब्रुवारी

बुकिंग केलं. मृण्मयीला विचारूनच. ती म्हणाली, घे. एवढंच. मी तिला तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तेच. एकमत म्हणतात ते हेच.

३० मार्च, रविवार. पाडवा

डिलिव्हरी! मिरची घरी!

बरकतपुऱ्याच्या गल्लीत गाडी वळवली तेव्हा पान दुकानापाशी उभे असलेले दोघं वळून बघायला लागले. एकाने काहीतरी म्हटलं. काच बंद होती, पण कौतुकच असणार. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. आई आरतीचं ताट घेऊन गेटपाशी उभी होती. बॉनेटवर स्वस्तिक काढताना तिला अजिबात वाकावं लागलं नाही. मी म्हटलं, चल, एक चक्कर. ती म्हणाली, उद्या. आज पुरण शिजतंय.

३१ मार्च

आई म्हणाली, उद्या.

३ एप्रिल, गुरुवार

गाडी अप्रतिम. काही किरकोळ निरीक्षणं.

एक: घरापासून मेन रोडपर्यंत अकरा गतिरोधक आहेत. चौदा वर्षं राहतोय, पहिल्यांदा मोजले. आधी मोजायची वेळच आली नव्हती. आता प्रत्येक पाठीच्या कण्यात वेगळा कळतो.

दोन: सरासरी वेग ताशी सतरा किलोमीटर. शंभरचा वेग नऊ सेकंदांत येतो हे खरं, पण ते नऊ सेकंद हैदराबादेत कुठे मिळतात ते अजून सापडलेलं नाही. आज सापडतील असं वाटलं होतं. नारायणगुड्याच्या सिग्नलवर हिरवा पडला, मी पाय दाबला, आणि समोर नारळपाण्याचा गाडा आडवा.

तीन: एका ऑटोवाल्याने उजवीकडून मागे टाकलं. त्याच्या मागे सहा शाळकरी मुलं बसली होती. सगळी आरामात दिसत होती.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी

शनिवारी देगलूर करून मळेगावला जायचं म्हणून आज रंगीत तालीम केली. सामान आणि माणसं दोन्ही भरून.

सामान: भरीत-रोडग्याचे डबे, पाण्याचा कॅन, मावशीसाठी लुगडं, मावशीसाठीच आवकाय लोणच्याची पाच किलोची बरणी, आणि आईचं ते गाठोडं ज्यात काय आहे ते कुणाला विचारायची परवानगी नाही. डिकी तिसऱ्या डब्यालाच भरली. उरलेलं ईशाच्या मांडीवर. ईशाचे गुडघे तिच्या हनुवटीला लागले. ती म्हणाली, बाबा, मी ठीक आहे, फक्त मला श्वास घ्यायचा असेल तर आधी सांगू का?

मग आई. आत गेली. गाडी गेटपर्यंत नेली. गतिरोधक एकच. तिने समोरच्या सीटची पाठ घट्ट धरली. परत आणली. बाहेर काढायला मी, मृण्मयी आणि वॉचमन. पंधरा मिनिटं. मग ती बाकावर टेकली, पाणी प्यायली आणि हसली. म्हणाली, तुम्ही तिघं जाऊन या रे. मला इथूनच हात जोडता येतात, देव काय लांब आहे होय?

मृण्मयी तिच्या पायांना तेल लावत बसली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

तालीम यशस्वी. तीन माणसं आणि थोडं सामान सहज मावतं.

९ एप्रिल, बुधवार

मृण्मयीने भाड्याची गाडी ठरवली. ड्रायव्हरचं नाव यादगिरी. गाडी कुठली? बस. तीच. तशीच पांढरी. योगायोग म्हणून सोडून दिलं.

मी हरकत घेतली की नवी गाडी देवाला दाखवायची असते, भाड्याची नाही. मृण्मयी म्हणाली, मग तू तुझी घेऊन ये मागून. मी म्हटलं, पण सगळं घर एकाच गाडीत जायची पद्धत आहे. ती म्हणाली, हो ना, आहे. आणि मटकी निवडायला लागली.

ठीक आहे. हायवेवर मिरचीचे गुण सगळ्यांना दिसतील. ते बसमधून मागे वळून बघत राहतील.

१२ एप्रिल, शनिवार. पहाटे ५.४०

निघालो. बसमध्ये आई, मृण्मयी, ईशा. मिरचीत मी आणि सामान, म्हणजे त्यांचं. पाय मोकळे ठेवायला हवेत म्हणून सगळं माझ्याकडे. आवकायची बरणी मागच्या सीटवर, सीट बेल्ट लावून. बेल्ट सुटला की गाडी टूं टूं करते. बरणीसाठीसुद्धा. सुरक्षितता पाच पैकी पाच.

सकाळी ८, जोगीपेटच्या पुढे, चहाला थांबून

हायवे उत्तम. मी पुढे निघून गेलो होतो, शंभरसुद्धा गाठला, पण मग लक्षात आलं की पाणी माझ्याकडे आहे. थांबलो. पंचवीस मिनिटं. ते आले तेव्हा खिडकीतून आधी गाण्याचा आवाज आला, मग गाडी. भेंड्या चालू होत्या. यादगिरीला 'ण' आला होता आणि तो तेलुगूत काहीतरी म्हणत होता, आई ते मान्य करत होती. मी म्हटलं, हे नियमात बसत नाही. आई म्हणाली, चल जा, तुझी वेगळी गाडी आहे.

पाणी देऊन काच वर केली.

दुपारी १२, देगलूर

मावशीच्या घरात बसून लिहितोय. बाहेर उभं राहवेना.

आई पायरीवरून स्वतः उतरली. ओसरी चढली. मावशी बाजेवर होती. दोघींनी एकमेकींचे हात धरले. मग मावशी म्हणाली, अगं सुशे, चार वर्षं, चार वर्षं काहून आली नाहीस? मी मरायची वाट बघत होतीस काय? आई म्हणाली, कशी येऊ गं, बसवेल अशी गाडी नव्हती घरी.

मी तिथेच उभा होतो. एका हातात बरणी, एका हातात गाठोडं. आईने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच म्हणाली, विकासने आता नवीन घेतलीय, बघ, लाल, फार सुरेख. मावशीने खिडकीतून पाहिलं. म्हणाली, ती सामानाची होय?

मला फार वाईट वाटलं. मिरचीबद्दल नाही. चार वर्षं मी धरून चाललो होतो की आईला प्रवास आवडत नाही.

संध्याकाळी ५, मळेगाव

पार्किंग मिळेना. बसला मंदिराजवळ जागा मिळाली, कारण यादगिरी आधी पोचला. मी मिरची लांब, चिंचेच्या झाडाखाली लावून चालत आलो. येईपर्यंत पूजा झाली होती.

बसची.

आई, मृण्मयी आणि ईशा त्या गाडीतून उतरलेल्या, गाडी धुतलेली, चकचकीत पांढरी. गुरवाने विचारलंच नाही. नारळ फोडला, बॉनेटवर ओंजळभर भंडारा, येळकोट येळकोट जय मल्हार. यादगिरी तेलुगूत नाही नाही म्हणत होता, असं ईशा सांगते. पण भंडारा कपाळाला लागल्यावर त्याने हात जोडले आणि मग तोही येळकोट म्हणाला. गुरवाने माणसंही मोजली. आई, सून, नात आणि यादगिरी. चार. बरोबर भरली.

मी माझ्यासाठी वेगळा नारळ आणला. गुरव चिंचेखाली आला, मिरचीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ड्रायव्हर, मालक कुठेत?

१३ एप्रिल, रविवार. दुपारी ४, घरी

पोचलो. पाठ धरली आहे. मिरची स्वच्छ आहे, मागच्या सीटवर आवकायच्या तेलाचा एक डाग सोडून.

आई अजिबात थकली नाही. आल्या आल्या तिने ईशाला बसवून यादगिरीचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये टाकून घेतला. कुणाला न विचारता त्याला फोनही केला. पुढच्या महिन्यात मावशीला आठ दिवसांसाठी इकडे आणायचं आहे, तिचे गुडघे इथल्या डॉक्टरला दाखवायचे आहेत. तारीख ठरली, गाडी ठरली. आईला मी इतकं भराभर बोलताना बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

मी म्हटलं, मीही येतो, मावशीला आणायला मिरची घेऊन येतो. आई म्हणाली, ये की बाबा, पण गाडी घरी ठेव. पुढे ईशा बसणार आहे, तिला मळमळतं. मधल्या रांगेत आई, मावशी आणि मृण्मयी. यादगिरीने फोनवर खात्री करून दिली की सगळ्यात मागे, सामानाशेजारी, एका माणसाची जागा होते. थोडं अवघडून बसावं लागतं, पण होते.

मी चालेल म्हणालो.